राखीच्या दिवशीची ड्युटी

पूनम त्या दिवशी खोटं काहीच बोलली नव्हती. तिला बोलायला जागाच मिळाली नाही, एवढाच काय तो तिचा गुन्हा.

खामगावातल्या एका दवाखान्याचा पुरुषांचा वॉर्ड, दुपारचे दोन. ड्युटी बदलायची वेळ. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या पोरी आज पहिल्यांदाच वॉर्डात यायच्या होत्या. पण अठरा-एकोणीस वर्षांच्या त्या चिमण्या अजून जिन्यातच खिदळत होत्या. एकटी पूनम वेळेआधी येऊन दाराशी उभी राहिली. वय एकतीस, घरी तिसरीत जाणारी लेक, अंगावर कडक इस्त्रीचा गणवेश आणि चेहऱ्यावर संसार केलेल्या बाईचा पोक्तपणा.

आतून गोकुळ आला. दवाखान्यात बाई असली की सिस्टर आणि पुरुष असला की ब्रदर, तसा हा गोकुळ ब्रदर. सकाळपासून एकट्याने वॉर्ड ओढून त्याचा जीव मेटाकुटीला आला होता. आज नवी स्टाफ सिस्टर रुजू होणार, एवढं त्याच्या कानावर होतं. दारात पूनम दिसली आणि त्याला देवच पावला.

"आल्या का बाप्पा एकदाच्या! चाला, चार्ज घ्या."

"मी..."

"पाच मिंटाचं काम हाय, चाला."

आणि तो सुटलाच. एक नंबरचे टाके उद्या काढायचे, चार नंबरला साखर आहे आणि तो उशीखाली पेढे लपवतो, नऊ नंबरचं सलाईन संपत आलंय... अठरा खाटा त्याने एका दमात फिरवल्या. पूनमने बिचारीने वही काढली आणि शब्द न् शब्द लिहून घेतला. शेवटच्या खाटेशी तो थांबला.

"काही इचाराचं हाय?"

"हाव... ते सलाईन बंद कसं करतेत?"

गोकुळ तिच्याकडे बघतच राहिला. "तुमी... स्टाफ नाई?"

"फर्स्ट इयर. आज पहिलाच दिवस हाय."

"मंग मघाशी काऊन नाई सांगतलं?"

"तुमी मधात श्वास घेतला असता तं सांगतलं असतं."

सात नंबरच्या आजोबांना इतकं हसू फुटलं की टाक्यांवर हात दाबून धरावा लागला. गोकुळ कानापर्यंत लाल झाला. मग त्याने तिची वही घेतली, वाचली आणि हळूच म्हणाला, "यातलं एक अक्षरही सुटलं नाई तुमचं." कितीतरी वर्षांत कुणी पूनमच्या अक्षराकडे पाहिलं नव्हतं.

तिला नर्सिंगला कुणी घातलं, ते सांगायलाच हवं. तिच्या सासऱ्याने. जानेफळचे उत्तमराव, चार एकरांचे धनी. पाच वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा काविळीने गेला. गावठी औषधात आठ दिवस घालवून मग दवाखाना गाठला, तोवर उशीर झाला होता. त्या दवाखान्यात पूनम सिस्टरांच्या मागे मागे फिरून विचारायची, हे कशाला देता, ते कशाला देता. उत्तमराव कोपऱ्यात बसून ते बघत होते. पुढे एक दिवस ते सुनेला म्हणाले, "बारावी झाली ना तुही? मंग हेच शीक." झालं. पूनम लेकीला घेऊन खामगावात खोली करून राहिली आणि इकडे गावाला विषय मिळाला. म्हातारा सुनेला शाळेत घालतोय! शिकली की जाईल कुणाचा तरी हात धरून! उत्तमराव कुणाला उलटून बोलले नाहीत. सुनेलाही काही बजावलं नाही. न बजावल्यामुळेच पूनमवर त्याचं ओझं जास्त होतं.

आणि आता हा गोकुळ.

तसं बघायला गेलं तर काहीच नव्हतं. पूनमची पुस्तकं इंग्रजीत, आणि शाळा सोडून तिला तेरा वर्षं झालेली. गोकुळ चहाच्या सुट्टीत तिला एकेक शब्द फोडून सांगायचा. ती ते शब्द घोकत घरी न्यायची आणि रात्री जेवणं झाली की नीरजा, तिची लेक, पट्टी हातात घेऊन आईची परीक्षा घ्यायची. दुसऱ्या दिवशी आईला किती मार्क पडले, ते गोकुळला कळल्याशिवाय राहायचं नाही. तो ते विचारायचाच. वॉर्डात सगळ्या पोरी 'ब्रदर, ब्रदर' करत त्याच्या मागे असायच्या. पूनम मात्र "अहो, ऐका ना" वर भागवायची. आपण असं का करतो, हे तिने स्वतःला विचारलं नव्हतं. काही प्रश्न न विचारलेलेच बरे असतात.

"तुमचं लग्न काऊन नाई झालं?" एकदा तिने सहज विचारलं. म्हणजे सहज विचारल्यासारखं केलं.

"अकरा ठिकाणी झालं असतं," तो बँडेज गुंडाळत म्हणाला. "पोरगा काय करते? नर्स हाय. बस, तेथंच चहा थंडा. एका बाईनं तं इचारलं, पोरगा घरी स्वयंपाकबी करते का?"

"करता का?"

"वांग्याचं भरीत असं करतो का..." आणि तो एकदम थांबला. "तुमी काऊन इचारून राह्यल्या?"

"मी कुठं इचारलं? त्या बाईनं इचारलं होतं."

दोघंही हसले, आणि नंतर बराच वेळ दोघांनाही बँडेजमध्ये विशेष रस वाटू लागला.

श्रावण आला. दवाखान्याचा एक जुना रिवाज होता. राखीला ज्या पेशंटना घरी जाता येत नाही, त्यांना नर्सिंगच्या मुलींनी राखी बांधायची, आणि त्यांच्याबरोबर डॉक्टर, ब्रदर, वॉचमन यांनाही. प्रतिमा मॅडम या मुलींना शिकवणाऱ्या बाई. कामात काटेकोर. कुणी कुणाला बांधायची याची यादीच त्या फळ्यावर लावत. पूनमने यादी वाचली. 'पूनम: खाट एक ते चार, आणि गोकुळ ब्रदर.'

"तू मोठी, तोही मोठा. शोभून दिसेल," मॅडम जाता जाता म्हणाल्या.

पूनमने यादी पुन्हा एकदा वाचली. राखी बांधली तर? साधा दोरा तर असतो, चार दिवसांत सुटतो... पण तिचं मन तो दोरा बांधायला काही केल्या तयार होईना. फळ्यासमोर उभ्या उभ्याच तिला कळून चुकलं की गोकुळ आपल्याला आवडतो. थोडाथोडका नाही, चांगला पुष्कळ आवडतो. तिला आनंद झाला, आणि मागोमाग भीती वाटली.

दुपारी तिने मॅडमना गाठलं. राखीच्याच दिवशी सोनाळ्याला दवाखान्याचं शिबिर होतं. सणाला माहेरवाशिणी गावी येतात, पोटुशा बायका एका जागी सापडतात, म्हणून मुद्दाम तो दिवस धरला होता. पण सणाचं घर सोडून जायला कुणी राजी नव्हतं.

"मी जातो शिबिराले, मॅडम."

"राखी सोडून?"

"मले भाऊ नाई," पूनम म्हणाली. हेही खोटं नव्हतं.

राखीच्या सकाळी तिने नीरजाला शेजारच्या सिंधूताईंकडे ठेवलं आणि साडेसहाला दवाखान्याच्या फाटकाशी आली. जीप उभी होती. ती मागचं दार उघडून चढली, आणि आत औषधांची पेटी मांडीवर घेऊन साक्षात गोकुळ बसला होता.

"तुमी?"

"तुमी?"

जीपवाला राजकुमार आरशातून बघून म्हणाला, "काय ब्रदर, दरसाल राखीले मनगटापासून कोपरापर्यंत भरून फिरता. काढतही नाई पोळ्यापर्यंत. अवंदा काऊन पळून राह्यले?"

"सोनाळा माहं गाव हाय. म्हनून नाव देल्लं," गोकुळ खिडकीबाहेर बघत म्हणाला.

"गाव तं मागच्या साली बी तेथंच होतं," राजकुमार म्हणाला आणि त्याने गाडी सुरू केली.

शेगाव गेलं, संग्रामपूरचा रस्ता लागला, तरी गोकुळची नजर खिडकीबाहेरच. पूनमला मात्र सारखं हसू येत होतं आणि ती ते पदराऐवजी वहीआड लपवत होती.

सोनाळ्याच्या शाळेत दुपारपर्यंत मान वर करायला फुरसत मिळाली नाही. वजनं, रक्तदाब, गोळ्या. शिवाय प्रत्येकीची सासरची एकेक तक्रार. दोन वाजता गर्दी पांगली. बाहेर ऊन आणि पाऊस एकाच वेळी चालले होते. शाळेच्या ओसरीत दोघं चहाचे कप घेऊन बसले. कुडाशेजारची ओली माती वास सोडत होती.

"काऊन पळाले तुमी?" शेवटी पूनमनेच विचारलं.

"आधी तुमी सांगा."

"मी आधी इचारलं."

गोकुळने कप खाली ठेवला. "यादी पाह्यली म्या. पंचवीस नावं होती. बाकीच्या चोविसातल्या कोनीबी राखी बांधली असती, माही काई हरकत नव्हती..."

पूनमने खाली पाहिलं. पाऊस पत्र्यावर वाजत होता.

"तुमी आवडता मले," तो म्हणाला. "आता सांगून टाकलं. फिरवून सांगाले मले जमत नाई."

पूनमने कपातला उरलेला चहा ओसरीखाली ओतला. मग बोलली ती सासऱ्याविषयी. "मामाजीनं गावाचं ऐकलं नाई. मले धाडलं. गाव म्हनते, सून पळून जाईन. आता म्या हो म्हटलं तं गाव जितलं अन् तो म्हातारा हारला. माह्यानं नाई होत हे."

"मंग हो नका म्हनू," गोकुळ शांतपणे म्हणाला. "म्या कुठं उत्तर मागतलं? तुमचा कोर्स हाय, पोट्टी हाय, मामाजी हायेत. ते सगळं आधी..." तो थांबला. "फकस्त राखी नका बांधू."

पूनमला हसू आलं आणि डोळेही भरून आले. दोन्ही एकदम, बाहेरच्या त्या ऊन-पावसासारखं.

पण मनात ठेवून जगणं तिला जमणारं नव्हतं. ज्याने विश्वास टाकला त्याच्यापासून लपवायचं, हे तिला चोरीसारखं वाटायला लागलं. पुढच्या रविवारी, मामाजींना सांगून येते एवढं गोकुळच्या कानावर घालून, ती नीरजाला घेऊन जानेफळला गेली. मूग तोडणीला आला होता. सासूबाई कोकिळाबाई नातीला घेऊन घरी थांबल्या आणि पूनम उत्तमरावांबरोबर शेतात वाकली. अर्धी ओळ तोडून झाली. मग शेंगा तोडता तोडताच, वर न बघता, तिने सगळं सांगितलं. वॉर्ड, शब्द, राखी, सोनाळा. काही राखून ठेवलं नाही.

"तुमी नाई म्हनान तं नाई, मामाजी. मी पुन्हा नाव घेनार नाई."

 उत्तमराव आपले शेंगा तोडत पुढे सरकत राहिले. ओळ संपेपर्यंत पूनमही त्यांच्यामागोमाग वाकून राहिली. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, पोचल्यावर म्हातारा बसला, टोपी काढून त्याने तोंड पुसलं.

"लोक म्हनत, उत्तमराव, सून शिकली का जाईन. तुले वाटते मले तेवढी अक्कल नव्हती?" ते म्हणाले. "मले पहिल्या दिवसापासून मालूम होतं, तू जाशीन. एकतीस वर्षांची पोर तू, जन्मभर आमच्या चुलीजोळ बसून राह्यशीन का? पन दोन भाकरीसाठी कोनाच्या दारी गेली नाई पाह्यजे. आपल्या पायानं, आपल्या मनानं गेली पाह्यजे. म्हनून तं धाडलं बाई."

पूनमच्या हातातल्या शेंगा तशाच राहिल्या. तिला रडू आवरेना. नवरा गेला तेव्हासुद्धा ती या माणसासमोर रडली नव्हती.

"दोन गोष्टी हायेत मातर," त्यांनी बोट वर केलं. "कोर्स अर्धा सोडला तं माह्यासारखा वाईट नाई. अन् तो पोरगा इथं आला पाह्यजे. रीतसर. माहा पोरगा गेला, आता पोरगी बी चोरावानी जाऊ देऊ का?"

संध्याकाळची एसटी खामगावच्या स्टँडवर लागली तेव्हा दिवे लागायचे होते. पूनम मुगाची पिशवी सांभाळत उतरली, तर फलाटाच्या खांबाला टेकून गोकुळ उभा.

"तुमी कवापासून उभे हाय?"

"चारपासून. कोनती गाडी, ते मालूम नव्हतं ना..." त्याने पिशवी घेतली. तिच्या चेहऱ्यावर काय आहे ते वाचायचा तो प्रयत्न करत होता, आणि ती मुद्दाम वाचू देत नव्हती. थोडा सूड हवाच की.

नीरजा त्याला नीट निरखून म्हणाली, "आईचा अभ्यास मातर मीच घेईन. आधीच सांगून ठेवतो."

"तूच घे, बाप्पा," गोकुळ म्हणाला आणि गोंधळून पूनमकडे वळला. "हे काय बोलून राह्यली?"

"येत्या रविवारी जानेफळले या. तुमच्या आईले घेऊन. पोहे मी करनार नाई, सोमवारी माहा अ‍ॅनाटॉमीचा पेपर हाय. पोहे सासूबाई करतीन."

"म्हंजे..."

"म्हंजे कोर्स होईपर्यंत दोन वर्षं थांबा लागीन. थांबान?"

"पस्तीस वर्षं थांबलो. वरतून दोन." त्याने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "पन पूनम, तुमचं काय? मामाजी हो म्हनले ते झालं. तुमाले...?"

स्टँडवर माणसं होती, कंडक्टर ओरडत होता, लेक हात धरून उभी होती. पूनमने इकडे तिकडे पाहिलं नाही.

"मलेबी तुमी आवडता," ती म्हणाली. "लय आवडता. तुमाले राखी बांधा लागू नये म्हनून तं त्या जीपमध्ये चढलो होतो मी."

 गोकुळ नुसता पिशवी छातीशी धरून उभा राहिला.

"मंग येता ना रविवारी?" तिने विचारलं. "मागनी घालाले या. पोरीचा बाप वाट पाहून राह्यला."