बँकॉकमधली एकादशी

“मॅडम, ते काय खाऊन आजारी पडले ते आजच्या आज कळायला हवं,” धनश्री म्हणाली. “नाहीतर ते वाचणार नाहीत. आणि त्यांच्या भावाने संध्याकाळी माझ्याविरुद्ध तक्रार करायचं ठरवलंय.”

न्यायवैद्यक प्रयोगशाळेतली नोकरी सोडून शर्वरी नाडकर्णींनी सुरतेत खासगी तपासाचं काम सुरू केलं, त्याला नऊ वर्षं झाली होती. पोलिसातून निवृत्त झालेले प्रवीण भामरे त्यांचे मदतनीस. ते वही उघडून बसले.

धनश्री सहल कंपनीत मार्गदर्शक होती. सुरतेतल्याच लिंबायत भागातल्या एका सूत व्यापाऱ्याने आपल्या गिऱ्हाइकांना बँकॉक दाखवलं. त्यांत यंत्रमागांचे मालक रामदास पाटील, त्यांची बायको शांताबाई आणि धाकटा भाऊ आनंदा होते. काल रात्री सगळे परतले. पहाटेपासून रामदासांना उलट्या सुरू झाल्या. आता अकरा वाजले होते आणि ते माणसं ओळखत नव्हते.

“आनंदाभाऊ म्हणतात, मी त्यांना तळलेले नाकतोडे खायला लावले.”

“लावले का?”

“नाही हो! आनंदाभाऊंनीच खाल्ले, अर्ध्या बसला खायला लावले. इथं येऊन वरणभातच खायचा तर लिंबायत काय वाईट होतं, म्हणत होते.”

“काल दुपारचे फोटो आहेत?”

धनश्रीने मोबाइल पुढे केला. खाऊगल्लीतलं एक टेबल. रामदास हसत काटा उंचावतायत. समोर पाच टोकांच्या पिवळ्या चकत्यांची ताटली आणि त्याच रंगाच्या रसाचे दोन पेले, एक रिकामा. केळी बाजूला सारलेली, शहाळं न फोडलेलं. पायांत नव्या चपला, पट्टे शेवटच्या भोकापर्यंत सैल केलेले.

“नाकतोडे दिसत नाहीत,” प्रवीण म्हणाले.

“रिक्षा बोलवा, दवाखान्यात जाऊ,” शर्वरी म्हणाल्या.

दवाखान्यात डॉक्टर जरीवाला घाईत होते. “उलट्या, त्यामुळे उचकी, अंगातलं पाणी कमी झालं म्हणून रक्तातलं क्रिएटिनिन वाढलंय. सलाइन चालू आहे, पण सुधारणा नाही. झटके येतील अशी भीती आहे. विष कुठलं तेच कळत नाही.”

“आधीचा काही आजार?”

“भाऊ नाही म्हणतात.”

आनंदा बाकावर बसला होता. धनश्रीला पाहताच उठला. “ही आली बघा! ताई, माझ्याच पुडीतले नाकतोडे दादाने मूठभर खाल्ले. हिने आग्रह केला. डोळ्यांनी पाहिलं मी. दादाला आजवर साधी गोळी लागली नाही, एकदम ठणठणीत माणूस!”

“मी गोळ्यांचं विचारलं नव्हतं,” शर्वरी म्हणाल्या आणि शांताबाईंकडे वळल्या.

शांताबाई पदराचं टोक पिळत होत्या. “नाकतोडे? काल एकादशी होती, बाई. वीस वर्षांत ह्यांनी एकादशी मोडली नाही. फक्त फळं खाल्ली. म्हणाले, उपास असला म्हणून काय झालं, परक्या देशातलं नवं फळ तरी चाखू.”

“केळं का नको झालं?”

“पोटाला जड होतं म्हणतात. तीन महिने झाले, केळं नाही, शहाळं नाही, बटाटासुद्धा नाही. साबुदाण्याच्या खिचडीतला बटाटा वेचून काढतात. माझा जीव तुटतो.”

“उचकी कधी लागली?”

“विमानात बसल्या बसल्या. आम्ही आपले हसत होतो. कोण आठवण काढतंय म्हणून एकेक नाव घेत होतो. सगळं लिंबायत संपलं, उचकी थांबेना. उलट्या मग पहाटे.”

“या तीन महिन्यांत दोघे भाऊ मिळून कुठे जायचे?”

“दर पंधरा दिवसांनी, गुरुवारी. उधन्याला दत्ताच्या देवळात. एकदा दोघांच्याही कोपराला कापूस चिकटवलेला होता. रक्तदान केलं म्हणे.”

“पुण्याचंच काम,” प्रवीण म्हणाले.

शर्वरींनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी डॉक्टरांना हाक मारली आणि फोटो मोठा करून दाखवला.

“ही कमरख, स्टारफ्रूट म्हणतात ती. आपल्याकडे लहान, आंबट मिळते. तिकडची मोठी, गोड. ताटलीभर चकत्या, वर रस. निरोगी माणसाला काही होत नाही. पण मूत्रपिंडं निकामी होत आलेल्या माणसाच्या शरीरातून तिचं विष बाहेर पडत नाही. ते मेंदूत जातं. पहिलं लक्षण न थांबणारी उचकी.”

“उचकी उलट्यांमुळे...” डॉक्टर थबकले.

“उचकी विमानात लागली, उलट्या पहाटे. क्रम उलटा आहे. आणि मूत्रपिंडांचा बिघाड दाखवणारं हे क्रिएटिनिन आज वाढलेलं नाही, आधीपासूनच वाढलेलं आहे. उपासाच्या दिवशी केळं, शहाळं, बटाटा टाळणारा माणूस पोट सांभाळत नाही, पोटॅशियम सांभाळतो; मूत्रपिंडाच्या रोग्याला तेच वर्ज्य असतं. चपलांचे पट्टे पायांना सूज होती म्हणून सैल केले. पथ्याच्या यादीत कमरख लिहिली नसणार. फळ म्हणजे निर्धोक, असं त्यांनी धरलं.”

“डायलिसिस!” डॉक्टर धावले. “सलाइन बंद करा!”

प्रवीण गोंधळले. “मग आनंदाभाऊंनी मध्येच नाकतोडे का घुसडले?”

“आजार उघड होऊ नये म्हणून. त्यांना आजार माहीत होता; देवळाच्या नावाखाली दोघे दवाखान्यातच जायचे. रोगी एक असताना कापूस दोघांच्या हाताला होता, भामरे. एकाच्या आजाराची तपासणी, दुसऱ्याचं रक्त मूत्रपिंड देण्यासाठी जुळतं का त्याची. जुळलं ना, आनंदाभाऊ?”

आनंदा भिंतीला टेकला.

“जुळलं,” तो म्हणाला. “दादा म्हणाला, घरात सांगू नको, तुझ्या मागे लागतील. मी... मी सुटलो असं वाटलं मला. सकाळी डॉक्टरांनी आजार विचारला, तेव्हा जीभ उचलेना. वाटलं, सांगितलं की पोट फाडायला मलाच आत नेतील. नाकतोडे तोंडातून निघून गेले. मग मागे फिरता येईना.”

धनश्रीने आपला मोबाइल परत घेतला.

चार तास यंत्र चालू राहिलं. कुणी जेवलं नाही. शांताबाई काचेपाशी उभ्या होत्या. दुपारी चारला डॉक्टर बाहेर आले. “तुमचं नाव घेतलं त्यांनी. काय झालं म्हणून विचारतायत.”

शांताबाईंनी डोळे पुसले. दाराशी पोचल्यावर त्या वळल्या. आनंदाने मान खाली घातली.

“भाऊजी, तुमची किडनी कुणी मागितली नव्हती,” त्या म्हणाल्या. “मागितली असती आणि तुम्ही नाही म्हणाला असता, तरी मी त्याच रात्री नेहमीसारखंच तुमचं ताट वाढलं असतं.”

मग त्या आत गेल्या.