आवाज बंद करून बघ

“तुमची सावलीसुद्धा माझ्या लेकरावर पडायला नको, ताई! ऐकू आलं ना? की आता तुमचेच कान तपासायला न्यायचे?”

भावजयीने दार लावून घेतलं ते इतक्या त्वेषाने, की जिन्यातल्या खिडकीच्या काचा थरथरल्या, आणि वरच्या मजल्यावरून कुणीतरी “काय पडलं हो?” म्हणून विचारलंसुद्धा. पण दार मिटता मिटता ताईला जे दिसलं, ते... आईच्या चपलांची आगगाडी करत, दाराकडे पाठ करून जमिनीवर बसलेली पावणेतीन वर्षांची बिट्टी, तिच्या भावाची एकुलती एक लेक, त्या धडाक्यानेही वळली नाही! तिची मान तसूभरसुद्धा हलली नाही. सगळ्या इमारतीला ऐकू गेलेला तो आवाज त्या एका इवल्या जिवापर्यंत पोचलाच नव्हता.

ताई जिन्याच्या पायरीवर मटकन बसली. हातातली लाकडी ठोकळ्यांची पिशवी मांडीवर तशीच राहिली. रडूही येईना.

वीस वर्षं ती वाणी आणि श्रवण यांच्या विकारांवर संशोधन करणाऱ्या संस्थेत काम करत होती. बहिरी जन्मलेली मुलं पहिला शब्द कशी शिकतात, कधी शिकतात, का शिकत नाहीत, याची बारा वर्षांची टिपणं तिने एकटीने जमवली होती. आई गेली तेव्हा धाकटा भाऊ नऊ वर्षांचा होता. त्याचं जेवणखाण, शिक्षण, दुखणंखुपणं करता करता स्वतःच्या संसाराचा विचार कधी मागे पडला ते तिला कळलंही नाही. भाऊ थट्टेने म्हणायचा, “आमची ताई जगाला बोलायला शिकवते आणि घरात मात्र तोंडाला कुलूप!” ती हसायची. रोज सकाळी पाण्याचा घोटही न घेता अर्धा तास डोळे मिटून बसायचं आणि उठताना मागणं एकच... माझ्या हातून कुणाचं वाईट होऊ देऊ नकोस. आणि आज?

आज दुसऱ्या गावच्या रुग्णालयाने लिहून दिलं होतं, की बिट्टीला दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. आणि दीड वर्षापूर्वी, बिट्टी सव्वा वर्षाची असताना, तिचे कान स्वतः तपासून “अगदी उत्तम” असं लिहून देणारी दुसरी तिसरी कुणी नव्हती. ताईच होती!

भावजयीने संस्थेकडे लेखी तक्रार केली. संचालकांनी ताईला खोलीत बोलावलं. कमी बोलणारे, सरळ गृहस्थ. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“बाई, वीस वर्षांत तुमचा एक निकाल चुकला नाही. हा कसा चुकला? प्रत्येक तपासणीचं चित्रण आपल्याकडे आहे. बसून बघू या.”

“नको, सर.” ताई इतक्या घाईने बोलली की त्यांनी चमकून वर पाहिलं. “बघायची गरज नाही. तपासणीचा नियम मी मोडला. झोपेतली दुसरी तपासणी करायची होती, तीही मी अनावश्यक म्हणून सोडली. चूक माझी, आणि माझ्या एकटीची.”

“असं लिहून दिलंत तर मला तुम्हाला तपासणीच्या कामावरून दूर करावं लागेल. बारा वर्षांचं काम दुसऱ्याच्या हाती जाईल...”

“जाऊ दे. काम चांगलं आहे. कुणाच्याही हातून पुरं होईल.”

तिने लिहून दिलं. दुसऱ्या दिवसापासून ती तळमजल्यावरच्या जुन्या कागदपत्रांच्या खोलीत बसू लागली. मुलांच्या तपासणीच्या त्या बंद, मऊ भिंतींच्या खोलीत पाऊल टाकायची तिला मनाई झाली. इतर सहकारी जिन्यात भेटले की घाईघाईने घड्याळ बघू लागत.

तिला ठाऊक होतं त्या चित्रणात काय आहे. ती बातमी आली त्याच दिवशी तिने ते एकटीने बघितलं होतं. ते त्या माउलीच्या नजरेला पडलं तर ती जगेल कशी? लेकराला आता सगळ्यात जास्त आई हवी आहे, धडधाकट, उभी राहिलेली आई. दोष कुणीतरी घ्यायचाच असेल तर तो मी घेईन! मला कोण आहे? माझ्या मागे रडायला कोण आहे?

असं तिने ठरवलं, आणि त्या ठरवण्यात तिला एक गूढ, कडवट शांती लाभली.

पण दिवस शांत नव्हते. सहा आठवडे उलटले, आणि एका दुपारी भाऊ त्या कागदांच्या खोलीत येऊन उभा राहिला. दाढी वाढलेली, सदऱ्याचं एक बटण चुकीच्या काजात.

“बस,” ताई म्हणाली. “जेवलास?”

“ताई, ती शस्त्रक्रियेला नाही म्हणते.”

“काय?”

“कानाच्या आत यंत्र बसवायचं, बाहेरून दुसरं लावायचं, मग हळूहळू ऐकायला शिकवायचं... डॉक्टर रोज फोन करतायत, आधीच फार उशीर झालाय म्हणतात. एकेक महिना मोलाचा आहे म्हणतात. आणि ही? म्हणते, एकदा म्हणाले उत्तम ऐकते, आता म्हणतात ऐकतच नाही. उद्या डोक्याला भोक पाडून म्हणतील, माफ करा हं, चुकलंच आमचं! ज्यांना स्वतःला कळत नाही त्यांच्या हाती लेकरू देऊ?” भाऊ खुर्चीच्या कडेला टेकला. “दिवसभर बिट्टीच्या मागे उभी राहून हाका मारते गं. आणि पोर एखाद वेळी सहज वळली की ओरडते, बघा, ऐकते, माझी सोनी ऐकते! मला बघवत नाही. शेजारीण म्हणाली, अहो, काही मुलं उशिरा बोलतात, आमचा भाचा पाच वर्षांचा होईपर्यंत मुका होता, आता वकील आहे, थांबता थांबत नाही! ही तेच धरून बसलीय.”

ताईच्या ओठांवर क्षणभर हसू उमटलं आणि तिथेच विझलं.

“तुला एक विचारू?” भाऊ खाली बघत म्हणाला. “त्या दिवशी झालं काय होतं? तू चुकतेस, हेच मला पटत नाही. लहानपणी ताप बघायला तू माझ्या कपाळावर हात ठेवायचीस ना, तो आकडासुद्धा थर्मामीटरशी जुळायचा.”

“माणूस चुकतं रे,” ती म्हणाली. आणि तो गेल्यावर दार लावून, जुन्या कागदांच्या गठ्ठ्यावर डोकं टेकून, तोंडात पदराचा बोळा कोंबून ती धाय मोकलून रडली!

कारण तिला आत्ता कळलं होतं. भावजय तपासणीवर विश्वास ठेवत नव्हती, कारण पहिली तपासणी का चुकली हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. कारण ठाऊक असलेली एकच व्यक्ती मुकाट्याने सोसत, मोठेपणाने कागदांत बसली होती. भाषा शिकण्याचं वय कुणासाठी थांबत नाही, हे तर तिने स्वतः बारा वर्षं लिहिलं होतं... आणि स्वतःच्याच भाचीचे सहा आठवडे तिने आपल्या त्यागावर ओवाळून टाकले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेमाने बसली, पण नेहमीचं मागणं ओठांवर येईना. देवा, मी सोसते आहे असं मला वाटत होतं. सोसणाऱ्याचाही एक अहंकार असतो, तो मला दिसलाच नाही! त्या आईला मी इतकं दुबळं का मानलं? तिला खरं पेलणार नाही हे ठरवणारी मी कोण?

ती उठली आणि तडक भावाला फोन लावला.

“तिला घेऊन ये संस्थेत. आज.”

“तुझं नाव काढलं तरी पेटते ती.”

“तिला सांग, ताईची चूक स्वतःच्या डोळ्यांनी बघायला मिळेल. दुसऱ्याची चूक बघायला माणूस येतंच.”

ती आली. बिट्टीला नवऱ्याच्या कडेवर देऊन, ओठ घट्ट मिटून, चित्रण बघायच्या अरुंद खोलीत ताईशेजारच्या खुर्चीत बसली. संचालक स्वतः चित्रण लावून दाराशी उभे राहिले; मग काय वाटलं कोण जाणे, भावाला आणि बिट्टीला घेऊन बाहेर गेले.

“दाखवा काय दाखवायचंय ते,” भावजय म्हणाली. “आणि लवकर. तुमच्याबरोबर एका खोलीत फार वेळ बसवत नाही मला.”

“दाखवते.” ताईने आवाजाची कळ शून्यावर आणली. “पण एक ऐक. आधी आवाज बंद करून बघ. आणि बिट्टीकडे बघू नकोस. स्वतःकडे बघ.”

पडद्यावर ती मऊ भिंतींची खोली उमटली. मधोमध खुर्चीवर भावजय, तिच्या मांडीवर सव्वा वर्षाची गुबगुबीत बिट्टी. दोन्ही कोपऱ्यांत दोन पेट्या. त्यांतून आवाज यायचा, मूल ज्या बाजूला वळेल तिथे खेळणं उजळायचं. एकदा... दोनदा... भावजय निर्विकार बघत होती. मग हळूहळू पुढे सरकली.

पडद्यावरची आई दर वेळी डाव्या किंवा उजव्या अंगाला किंचित, अगदी किंचित कलत होती. श्वास रोखत होती. पोटाशी धरलेले हात नकळत आवळत होती. आणि त्यानंतर, प्रत्येक वेळी त्यानंतरच, मांडीवरचं लेकरू आईच्या अंगाचा तो कल ओळखून त्या बाजूला मान वळवत होतं!

“हे... हे काय आहे?” भावजयीने पडद्याकडे बोट केलं. “ती... ती माझ्याकडून...”

“लेकरं आईच्या अंगावरून सगळं वाचतात गं. म्हणून आम्ही आईच्या कानांवर हेडफोन चढवून गाणी लावतो, म्हणजे तिला तो आवाज ऐकूच येऊ नये. नियम आहे तसा.”

“मग माझ्या कानांवर का नव्हते?”

ताईने चित्रण मागे नेलं आणि आवाज मोठा केला. खोलीत दीड वर्षापूर्वीचं हसरं बोलणं भरून गेलं: “राहू द्या हो ताई, ते कानांवर अडकवलं की माझं डोकं उठतं. रात्रभर जागवलंय तुमच्या भाचीने. आपल्या घरचंच तर काम!” आणि मग ताईचा हसरा, माया ओसंडणारा आवाज: “बरं बाई, राहू दे. तुझ्यापुढे कुणाचं चालतं का?”

भावजय उठली, पुन्हा बसली. तिने दोन्ही हातांनी तोंड गच्च दाबून धरलं, आणि त्या हातांच्या फटीतून जो आवाज निघाला तो रडण्याचा नव्हता. मुळापासून काहीतरी उपटल्यावर निघावा तसा होता.

“मी! मीच उत्तरं दिली तिची... मीच माझ्या लेकराची दीड वर्षं...”

“नाही!” ताई खुर्चीवरून खाली उतरून तिच्या गुडघ्यांशी बसली. “नियम माझा होता, तुझा नाही. तुला काय ठाऊक? तू आई होतीस. मला ठाऊक असून मी मायेपोटी सोडला. झोपेतली तपासणी मीच सोडली. हा दोष माझाच आहे, मी काही मोठेपणाने म्हणत नाही.”

“मग हे आधी का नाही दाखवलंत? मी तुमच्या तोंडावर दार आपटलं... तक्रार केली... तुमचं काम गेलं... आणि तुम्ही गप्प?”

“तुला सोसणार नाही असं वाटलं. तुला वाचवायला गेले, आणि त्यात बिट्टीचे सहा आठवडे घालवले. यासाठी मला क्षमा कर. पहिल्या चुकीपेक्षा ही मोठी आहे.”

 पडद्यावर बिट्टी उजळलेल्या खेळण्याकडे बघून टाळ्या पिटत होती.

“म्हणजे... दुसरी तपासणी खरी आहे,” शेवटी भावजय म्हणाली. प्रश्न नव्हता तो. “मी मागे उभी राहून हाका मारायचे तेव्हा ती वळायची, ते नुसतं सहजच कधीतरी... इतकंच.”

ताईने मान हलवली. लपवलं नाही.

भावजयीने डोळे पुसले, खाली वाकून ताईच्या खांद्याला धरलं आणि तिला उठवलं. “उठा. जमिनीवर बसू नका, गुडघे दुखतात तुमचे. सही कुठे करायची असते?”

त्याच आठवड्यात बिट्टीला शस्त्रक्रियेसाठी आत नेलं. बाहेरच्या बाकावर दोघी एकमेकींचा हात धरून बसल्या होत्या. भावाने कुठूनसा आणलेला चहा तसाच निवून गेला. महिन्याभराने यंत्र पहिल्यांदा सुरू झालं, तेव्हा बिट्टी आयुष्यातल्या पहिल्या आवाजाला भिऊन किंचाळत रडली, आणि आईच्या कुशीत शिरली. त्या किंकाळीवर तिघेही रडले... असं सुखाचं रडणं कुणाच्या वाट्याला येत असेल?

पण सुख तेवढंच होतं. ताईला तिचं काम परत मिळालं नाही. नियम तिने मोडलाच होता, आणि तिने मागितलंही नाही. कचेरी उघडण्याआधी रोज सकाळी ती भावाच्या घरी जायची आणि तासभर बिट्टीसमोर बसून आवाज दाखवायची. नळाचा, चमच्याचा, हाकेचा. पाच महिने गेले. बिट्टी आता दार वाजलं की वळायची, पण शब्द? शब्द एकही नव्हता. नुसते सूर... ओठांशी येऊन परत जाणारे.

त्या सकाळी धडा संपला. बिट्टी दमून आईच्या मांडीवर झोपली. भावजय तिच्या केसांतून हात फिरवत होती, आणि तिने वर न बघताच विचारलं:

“ताई, बोलेल ना हो ही?”

आधीची ताई म्हणाली असती, बोलेल गं, नक्की बोलेल. ते शब्द जिभेच्या टोकाशी आलेही. पण तिने भावजयीच्या चेहऱ्याकडे बघितलं. थकलेला, कोरडा, आणि कशालाही तयार असलेला चेहरा होता तो.

“ठाऊक नाही,” ताई म्हणाली. “उशीर झालाय. थोडं बोलेल कदाचित. कदाचित त्याहूनही कमी. मला खरंच ठाऊक नाही.”

भावजयीच्या डोळ्यांतून दोन थेंब बिट्टीच्या कपाळावर पडले. तिने ते अंगठ्याने हलकेच पुसले. मग एक दीर्घ श्वास घेतला.

“बरं,” ती म्हणाली. “उद्यापासून जरा लवकर या. सकाळी ती ताजी असते.”