वळून पाहणारा चंद्र

"चंद्र चोरीला गेलाय!" माहितीपट काढणाऱ्या बाई दारातूनच म्हणाल्या.

वहिनी खासगी गुप्तहेर. त्यांनी शांतपणे चष्मा पुसला. त्यांचे धाकटे दीर म्हणजे भावजी, स्वतःच्या मते वहिनींचा उजवा हात. त्यांनी मात्र खिडकीतून आभाळाकडे पाहून घेतलं.

बाईंनी सांगितलं ते असं. करमणूक बागेत अंधारातली सफर उभी राहत होती. काळ्या दालनातून रुळांवर गाडी जाते आणि वळणावळणाला एकेक देखावा उजळतो. ती घडते कशी, यावर बाई वर्षभर माहितीपट काढत होत्या. शेवटच्या वळणावर चंद्राचा दोन हात उंच, पांढराशुभ्र चेहरा टांगला होता. काल बाराच्या चाचणी फेरीत तो सगळ्यांनी पाहिला. पाच वाजता जागा रिकामी!

"दालनाची किल्ली एकच. दुपारी एकपासून ती मुखवटे घडवणाऱ्या मावशींकडे होती. मालक त्यांना आज काढून टाकणार, माहितीपटातूनही नाव गाळा म्हणतात. चंद्र त्यांनीच घडवला हो!"

दालनात आधी दिवेवाला भेटला. "आईशप्पथ सांगतो, काल चंद्र माझ्याकडेच बघत होता. गाडी वळली तसा तोही वळला!"

"वळायला यंत्र आहे?"

"कसलं यंत्र? खिळ्याला टांगलेला चेहरा तो."

भावजी गहिवरले. "वहिनी, देवाची लीला!"

"असेल. पण लीलेला किल्ली कुणी दिली, ते बघू या."

सफरीचा आराखडा करणारे रचनाकार घाईत होते. "सकाळी आठपासून किल्ली माझ्याकडे. एकटाच देखावे पुसत होतो. फेरी झाली, सगळे जेवायला गेले. एकला कुलूप लावून किल्ली मावशींना दिली. फेरीत चंद्र होता, हे सगळ्यांनीच पाहिलंय."

मावशींच्या उघड्या शेडमध्ये फळीवर पांढरे साचे मांडले होते. "साच्यात प्लास्टर ओतायचं, सुकलं की चेहरा निघतो. दोन महिन्यांत यांना हात लावला नाही मी," मावशी म्हणाल्या. वहिनींनी साच्यांवरून बोट फिरवलं. धूळ उडाली, भावजी शिंकले. सर्वांत मोठा साचा तेवढा लख्ख होता.

"काल मीही गाडीत होते," मावशी हळूच म्हणाल्या. "मी त्याची नजर दाराकडे लावली होती. पण तो माझ्याकडे वळला. मी आपले हात जोडले. आणि संध्याकाळी मीच चोर ठरले!"

वहिनींनी बाईंचं चित्रण पाहिलं. परवा चंद्र स्थिर, दाराकडे बघणारा. काल गाडीबरोबर वळणारा.

चार वाजता त्यांनी सगळ्यांना गाडीत बसवलं. शेवटच्या वळणावर दिवा लागला. चंद्र होता! आणि तो सावकाश वळून पाहू लागला.

वहिनींनी मोठे दिवे लावले. नाकाच्या जागी खड्डा होता.

"हा चंद्राचा साचा आहे, मीच फळीवरून आणून टांगलेला. नाक आत, गाल आत. पण खोलगट चेहरा बघायची डोळ्यांना सवय नाही. ते त्याला फुगीर करूनच पाहतात. मग आपण सरकलो की तोही वळल्यासारखा वाटतो. काल तुम्ही सगळ्यांनी हाच पाहिलात. म्हणजे चंद्र बाराच्या आधीच गेला होता. तेव्हा किल्ली मावशींकडे नव्हती. सगळे जेवायला गेल्यावर साचा परत फळीवर गेला. त्यावरची धूळ मात्र परत बसली नाही."

रचनाकार त्या खड्ड्याकडे पाहत म्हणाले, "पुसताना हातातून सुटला. चुरा झाला. मालकांना तोंड कसं दाखवू, कळेना."

"म्हणून माझं तोंड काळं केलंत?" मावशींनी विचारलं.

रचनाकार उठले, कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. "लिहा बाई माहितीपटात. चंद्र मावशींनी घडवला. फोडला मी."

बाईंनी कॅमेरा मावशींकडे वळवून विचारलं, "मावशी, नवा चेहरा कराल?"

"नको. हाच राहू दे. भरीव होता तेव्हा दाराकडे बघायचा. आता पोकळ झाला, तर ज्याच्या-त्याच्याकडे बघतोय."

"पण गुपित फुटलं की!" भावजी म्हणाले. "आता नाही वळायचा." आणि गाडीत मावशींशेजारी जाऊन बसले.

दिवे विझले. गाडी फेरी मारून पुन्हा शेवटच्या वळणावर आली. भावजींनी मनाला बजावलं, खड्डा आहे, नुसता खड्डा.

चंद्र वळला.

त्या काळोखात भावजींनी वाकून मावशींना नमस्कार केला.