बारा नंबरचा पाना

आटपाट नगर म्हणा की बिबवेवाडी म्हणा, तिथं सोजरबाई आणि तिचा लेक संपत राहायचे. माझ्या भिंतीला भिंत. म्हणून सांगते, ऐकीव नाही. दिवा राहू दे, बारीक कर नुसता.

सोजरबाईचा नवरा सोनबा गाड्या दुरुस्त करायचा. जाऊन तीन वर्षं झालेली. बोल्ट आवळला की पान्यानं पत्र्यावर दोनदा ठोकायचा. ठक ठक. झालं गं, म्हणून गाडीला सांगायचा.

संपत कंपनीतल्या पोरांची ने-आण करायचा. मध्येच इंजिनाचं काम निघालं, गाडी उभी राहिली. कंपनीनं बजावलं, दसऱ्याला पहाटे गाडी गेटवर नसली तर दुसरा माणूस बघू. त्यांना कुठला दसरा.

गेल्या साली खंडेनवमीला झालं हे. संपतनं स्वतःच इंजिन बसवलं, तेही घाईनं. दिवेलागणीला हत्यारं पूजेला मांडायची असतात ना. एकदा मांडली की दसऱ्याच्या आरतीपर्यंत हात लावायचा नाही. सोनबानं उभ्या जन्मात लावला नाही. सोजरबाईनं पाने, पकडी राखेनं घासून लख्ख केल्या, पाटावर मांडल्या, हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला.

जेवून संपतनं गाडीचा सेल्फ मारला. टक. एवढंच. दिवे झक्क, हॉर्न खणखणीत, म्हणजे बॅटरी ठीक. परत मारला. टक. मोबाइलच्या उजेडात शोधता शोधता मध्यरात्र झाली, तेव्हा सापडलं. इंजिनाची अर्थिंगची वायर. बोल्ट बोटानं लावून ठेवलेला, आवळायचाच राहिलेला. बारा नंबरच्या पान्याचे चार फेरे, बस.

सोजरबाई पाटापाशीच आडवी झाली होती.

"आई, एक पाना दे. लगेच ठेवतो."

"आरती झाल्यावर घे."

"तोवर काम गेलेलं असेल."

"जाऊ दे. तुझ्या बापाच्या हत्यारांची झोप मोडायची नाही."

शेजारच्या केयूरला उठवलं. तो कॉम्प्युटरवाला. म्हणाला, नेलकटर आहे, चालेल का? गॅरेजं सगळी बंद, त्यांचीही हत्यारं फुलांखाली.

संपतनं बोटांनीच आवळलं. सालटी निघाली. टक. बॉनेट पाडलं आणि गाडीत जाऊन बसला. रडला असेल. उद्यापासून घरात काय शिजायचं, त्याला दिसत नव्हतं.

मग गाडी हलली. जराशीच.

वारा नव्हता. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं.

बॉनेटखाली... कर्र.

थांबलं.

कर्र...

त्यानं काचेतून पाहिलं. कुणी नाही. बॉनेट मिटलेलं.

कर्र...

मग सगळं गप्प.

...

ठक ठक.

किल्ली आपण फिरवली की नाही, हे संपतला आजही सांगता येत नाही. इंजिन मात्र पहिल्या झटक्यात लागलं.

काम टिकलं. आता कंपनीनं त्याची दुसरी गाडीही लावून घेतली आहे. सोजरबाईला म्हातारपणी दोन घास सुखाचे मिळाले.

पण त्या दसऱ्याला मी तिला सोनं द्यायला गेले, तेव्हा संपत अजून कामावरून यायचा होता. आरती नुकतीच झालेली. पूजा जशीच्या तशी, झेंडूची पाकळीही हलली नव्हती. माझ्यासमोर सोजरबाईनं फूल बाजूला केलं, बारा नंबरचा पाना उचलला आणि उलटा धरला.

वरचं हळदकुंकू कोरडं, न विस्कटलेलं.

खालून काळं ऑइल. ओलं.