नेसा क्विर्कच्या काठ्या

"जेम्स, ही पण गेली," असं म्हणत कुणीतरी माझ्या पाठीवर जोरात थाप मारली.

मी जेम्स नव्हते. जेम्स फोगार्टी म्हणजे माझे डॅडी, आणि ते आत चहा ओतत होते. मी त्यांचा जुना कोट चढवून, टोपी कानांपर्यंत ओढून अ‍ॅश झाडाच्या फळीवर रंधा मारत होते. वळून पाहिलं तर दारात भुरभुर पाऊस, आणि त्या पावसात एक उंच मुलगा. हर्लीच्या काठीचे दोन तुकडे त्याने मेलेल्या कोंबडीसारखे हातात लटकवले होते.

तो कानांपर्यंत लाल झाला.

"माफ कर हं... मला वाटलं—"

"माझी पाठ डॅडींसारखी दिसते?"

"पाठ नाही," तो घाईने म्हणाला. "कोट. कोट त्यांचा दिसतो."

हा फिन्टन डेलाहंटी. आमच्या बॅलीक्रोन गावच्या संघात उजव्या कोपऱ्यात, आपल्या गोलाजवळ उभा राहणारा बचावपटू. मी कॉर्क शहरातली नोकरी सोडून नुकतीच घरी परतले होते. डॅडींची बोटं संधिवाताने आखडत चालली होती, आणि आमच्या टिपररीत हर्लीच्या खेळाचं वेड, हर्ल्या तर लागतातच. पोर चालायला लागलं की पसरट पात्याची ती लाकडी काठी त्याच्या हातात येते, ती म्हातारपणापर्यंत सुटत नाही.

मी ते दोन तुकडे हातात घेतले. मोड अगदी ताजी होती, पांढरी.

"तुम्ही बचाववाले हिने चेंडू मारता की कुंपणाचे खांब ठोकता?"

"आम्ही चेंडू मारत नाही," तो म्हणाला. "समोरच्याला मारू देत नाही. त्याने काठी उगारली की आपली काठी मध्ये घालायची. मग काय मोडायचं ते मोडतं."

"आणि हात मोडला तर?"

"हात जोडता येतो. जेम्सच्या हर्लीची मात्र वाट बघावी लागते."

"आता जेम्सच्या नाही," मी म्हणाले. "डर्वलाच्या."

"कोण डर्वला?"

मी टोपी काढली. त्याने माझ्याकडे पाहिलं... आणि जरा जास्तच वेळ पाहिलं. मग तो फळ्यांच्या ढिगाकडे वळला आणि एकेक फळी उलटसुलट करू लागला, जणू तो लाकूड विकत घ्यायलाच आला होता.

त्याच्यासाठी पहिली हर्ली मी जीव ओतून केली. बुंध्याजवळ लाकडाच्या रेषा जिथे वळतात तिथलीच फळी निवडली, म्हणजे पात्याच्या वळणाबरोबर रेषाही वळते. काचेने घासली, तेल पाजलं, पात्याला पत्र्याची पट्टी ठोकली. फिन्टन शनिवारी संध्याकाळी लवकरच आला आणि मी तेल चोळत होते तोवर स्टुलावर बसून राहिला.

"झाली का?" मी विचारलं की म्हणायचा, "घाई नाही."

त्यानंतर एक नवल घडलं. त्याच्या हर्ल्या मोडेनाशा झाल्या. तो यायचा तर खरा, पण कधी मुठीवरची पट्टी सैल झाली म्हणून, कधी पत्र्याचा खिळा वर आला म्हणून. एकदा तर नुसता, "आज काही झालं नाही, तेच सांगायला आलो," म्हणून. मी डॅडींना म्हणाले, "बघितलंत? तुमची दर आठवड्याला मोडायची. माझी टिकते."

डॅडी चहाच्या कपावरून माझ्याकडे बघत राहिले. "टिकते खरी," एवढंच म्हणाले.

मला केवढा अभिमान वाटत होता. लाकडाचाही, आणि... दुसऱ्या गोष्टीचाही.

मग ड्रमगूलविरुद्धचा सामना आला. त्यांचा एक बुटका आघाडीवाला फिन्टनच्या वाट्याला होता. शेवटी शेवटी त्याने काठी उगारली, फिन्टन त्याच्या अगदी जवळ होता, आणि तरीही चेंडू जाळ्यात गेला. आम्ही कसेबसे वाचलो, पण दुकानात, चर्चच्या पायरीवर, सगळीकडे एकच बोलणं. फिन्टन थकला. फिन्टन घाबरतो. निवड करणाऱ्यांपैकी एक जण म्हणे दुसऱ्या मुलाचं नाव घेऊ लागला होता. फिन्टन पोरवयापासून त्या कोपऱ्यात उभा होता. तो कोपरा गेला तर त्याच्याजवळ काय उरणार, हे सगळ्या गावाला कळत होतं.

त्या शनिवारी तो आला नाही. पुढच्याही नाही.

बातमी दुकानातल्या मिसेस हॅकेटने दिली. ब्रेड कागदात गुंडाळता गुंडाळता म्हणाली, "फिन्टन हल्ली नदीपलीकडे दिसतो म्हणे. क्विर्कच्या पोरीकडे."

"कोणाकडे?"

"नेसा क्विर्क गं. तीपण काठ्याच करते ना. तुला ठाऊक नसेल कशी!"

मला ठाऊक होती. तांबड्या केसांची, खळाळून हसणारी. तिच्याकडे मशीन होतं, ती दिवसात ढीगभर काठ्या कापायची आणि मुठीला निळी पट्टी गुंडाळायची. त्या निळ्या रंगाचा मला कधी राग आला नव्हता. त्या दिवसापासून आला.

उपांत्य सामन्याला मी गेले. जायचं नाही असं ठरवून गेले. फिन्टन मैदानात आला आणि त्याच्या हातात निळी मूठ. आणि खेळला कसा! समोरच्याने काठी उगारली की याची काठी मध्ये... कडाक्! एक मोडली. दुसरी घेतली, तीही मोडली. लोक उभे राहून ओरडत होते. माझ्या मागचा म्हातारा म्हणाला, "क्विर्कच्या काठीने पोराला जागं केलं बघा. आधीचीत काही दम नव्हता."

आधीची माझी होती.

सामना संपला तेव्हा नेसा कुंपणापाशी उभी होती. फिन्टनने काहीतरी सांगितलं, ती मान मागे टाकून हसली आणि त्याच्या हातावरचा चिखल आपल्या रुमालाने पुसला. म्हणजे... पुसला असावा. मी तोवर तोंड फिरवलं होतं. पुन्हा पाहिलं तेव्हा रुमाल तिच्या हातात होता, आणि मला तेवढं पुरलं.

नंतरचे काही दिवस मी चांगलं लाकूड वाया घालवलं. रंधा खोल जायचा, पातं वाकडं यायचं. डॅडी म्हणाले, "हे काय, हर्ली की पावाची सुरी?"

"मशीन घ्या मग," मी म्हणाले. "निळ्या पट्ट्याही आणा."

त्यांनी फिन्टनला निरोप धाडला, की अ‍ॅशचे ओंडके आलेत, आपले हात चालत नाहीत, जरा उतरवायला ये. आणि तो आल्यावर स्वतः मात्र कोंबड्यांना दाणे टाकायला निघून गेले.

आम्ही ओंडके उतरवत होतो. एका टोकाला तो, दुसऱ्याला मी.

"जड आहे," शेवटी तो म्हणाला.

"मशीनने कापलेलं हलकं असेल."

"डर्वला..."

"तिचं हसणंही हलकंच आहे. लांबूनसुद्धा ऐकू येतं."

"तू सामन्याला आली होतीस?"

"नाही."

त्याने ओंडका खाली ठेवला. हसू दाबत होता, आणि ते मला आणखीच झोंबलं. "चांगल्या आहेत तिच्या काठ्या?" मी विचारलं.

"बऱ्या आहेत."

"माझ्यापेक्षा?"

"छे. तुझ्या जवळपासही नाहीत."

"मग कशाला जातोस तिच्याकडे?"

त्याने हात पँटला पुसले. पुन्हा पुसले. "नेसाची काठी मोडली तर मला काही वाटत नाही," तो म्हणाला. "म्हणून जातो."

"म्हणजे?"

"म्हणजे... तुझी मोडली तर वाटतं." आता तो माझ्याकडे बघतच नव्हता, ओंडक्याशी बोलत होता. "ड्रमगूलचा तो गोल. मी पोचलो होतो गं. नुसती काठी मध्ये घालायची होती. आणि माझ्या डोळ्यांसमोर तू आलीस... पात्यावर तेल चोळताना. हात थांबला. एवढासाच थांबला. पण बचाववाल्याचा हात थांबून चालत नाही."

भुरभुर पुन्हा सुरू झाली होती. माझी काठी मोडत नव्हती, ती लाकडामुळे नव्हे. तो तिला जपत होता. आणि मी गावभर मिरवत होते.

"माझ्या हर्ल्या कुठे आहेत?"

"घरी. भिंतीला. आईने खाली एक छोटं फळकूटसुद्धा ठोकून दिलंय."

मला हसायचं होतं, रडायचं होतं, पण सगळ्यात आधी राग आला. मी आत गेले. अंतिम सामन्यासाठी म्हणून एक हर्ली करून ठेवली होती, कुणासाठी ते स्वतःलाही न सांगता. इतकं सुंदर वळण माझ्या हाताला पुन्हा कधी आलं नाही. ती बाकावरच्या पकडीत घट्ट बसवली आणि मुठीवर सगळं वजन टाकलं.

"अगं, काय करतेस!"

पहिल्या झटक्याला ती नुसती वाकली. चांगली होती ना. दुसऱ्यालाही तेच. मी पाय बाकाला लावला आणि तिसऱ्याला ती कडाडली.

अंगणातून डॅडींचा आवाज आला. "काय मोडलं गं?"

"एक हर्ली, डॅडी."

"चांगली होती का?"

"सगळ्यात चांगली."

"बरं," डॅडी म्हणाले, आणि कोंबड्यांना हाक मारत पुढे गेले.

फिन्टनचा चेहरा असा, जणू त्याचंच बोट तुटलंय. मी तुकडा त्याच्या हातात दिला. "बघितलंस? मला काही झालं नाही. मी भिंतीसाठी काठ्या करत नाही, फिन्टन. तू जाऊन मध्ये घालणार म्हणून करते. त्या मोडल्या तर मी दुसरी करीन. पण तू दुसरीकडे गेलास तर..."

"तर?"

"तर मी काय करीन मला माहीत नाही. पावाच्या सुऱ्या करीन."

तो तुकडा त्याने हळूच बाकावर ठेवला. माझ्या केसांत लाकडाचा एक कुरळा छिलका अडकला होता. तो काढायला त्याने हात पुढे केला... आणि छिलका काढला तरी हात तिथेच राहिला.

"नेसाला काय सांगू?" त्याने विचारलं.

"काहीच सांगू नकोस. तिच्याशी बोलूच नकोस."

"ती बॅलीक्रोनच्या निम्म्या संघाला काठ्या पुरवते. गुड मॉर्निंग तरी म्हणावं लागेल."

"लांबून म्हण."

अंतिम सामन्याला फिन्टन पुन्हा आपल्या कोपऱ्यात होता. मी आमच्या गोलामागे कुंपणाला टेकून उभी होते, हातात जादा हर्ल्यांचा भारा. शेजारी नेसा, तिच्याही हातात भारा. निळ्या मुठींचा.

"काय गं," ती पुटपुटली, "डोळ्यांनी भाजतेस की काय मला?"

"मी चेंडू बघतेय."

"चेंडू त्या टोकाला आहे."

मग तो या टोकाला आला. सामना संपत आला होता, आम्ही एका गुणाने पुढे. त्यांच्या आघाडीवाल्याने गोलासमोर काठी उगारली. फिन्टनने उडी घेतली. त्याचा हात थांबला नाही. माझी हर्ली मुठीपाशी दुभंगली, पातं गिरक्या घेत गवतात पडलं आणि चेंडू रेषेबाहेर गेला. सगळं मैदान गर्जलं. माझ्या कामाचं असं कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं.

तो धावत कुंपणापाशी आला. कपाळावरून रक्त आणि पाऊस एकत्र ओघळत होते. त्याने हात पुढे केला.

"आणखी किती आहेत?" त्याने धापा टाकत विचारलं.

"तू मोडत जा," मी म्हणाले. "मी आहे."

त्याने हर्ली घेतली. हर्लीबरोबर माझी बोटंही घेतली, आणि पंचाची शिट्टी वाजेपर्यंत सोडली नाहीत. मग वळला आणि आपल्या कोपऱ्याकडे पळाला. निळ्या भाऱ्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

मी मात्र पाहिलं. नेसाच्या सगळ्या काठ्या जागच्या जागी होत्या.