ठमीचा वास

गंधलेखक यंत्राच्या पडद्यावर एकशे बारा रेषा उमटल्या आणि हेमांगी खानोलकरने सुटकेचा निःश्वास टाकला. ठमी मांजरीच्या गालावरून फिरवलेल्या कापसात जेवढी म्हणून रसायनं होती, तेवढी यंत्राने प्रमाणासकट वेगळी काढली होती. आता तेच मिश्रण प्रयोगशाळेत बनवायचं, गंधपट्ट्यात भरायचं आणि रंगरावाच्या गळ्यात बांधायचं.

अत्तरांसाठी घेतलेलं यंत्र मांजरांच्या भांडणात वापरायची वेळ तिच्यावर कुंदाताईने आणली होती. ताई तिची थोरली बहीण, गुडघ्यांनी पार अधू झालेली. ती हेमांगीकडे राहायला आली खरी, पण आपला बोका रंगराव याला घेऊन. आणि या घरात बारा वर्षं ठमीचं राज्य होतं. पहिल्याच सकाळी तिने रंगरावाचं नाक फोडलं. महिन्याभरात दोघांचं जमलं नाही तर आपण रंगरावासह वृद्धाश्रमात जाऊ, असं ताईने शांतपणे सांगून टाकलं. मांजर ठेवू देणारा आश्रम तिने शोधूनही ठेवला होता.

पाळीव प्राण्यांच्या वर्तनाचे तज्ज्ञ डॉ. मुजावर यांनी रीतसर उपाय दिला होता. नव्याला वेगळ्या खोलीत ठेवा, एकाचं फडकं दुसऱ्याला हुंगायला द्या, बंद दाराच्या दोन बाजूंना दोघांना जेवू घाला. पाच-सहा आठवडे. हेमांगीने हे तीन दिवस केलं. तिसऱ्या दिवशी दाराचा रंग निघाला, ताईने अबोला धरला आणि हेमांगीचं डोकं फिरलं.

"पण हे सगळं कशासाठी?" तिने मुजावरांना विचारलं होतं.

"मॅडम, मांजर चेहऱ्यापेक्षा वासावर जास्त विसंबतं. घराचा एक वास असतो. तो ज्याच्या अंगाला, तो घरचा. नसेल तो घुसखोर."

"मग रंगरावाच्या अंगाला ठमीचाच वास दिला तर?"

 जमायला हरकत नाही, पण आपण असं कधी करून पाहिलेलं नाही, एवढंच मुजावर म्हणाले.

जमलं. पट्टा बांधलेला रंगराव समोर येताच ठमीने त्याला हुंगलं, जांभई दिली आणि त्याच्या कुशीत अंग टाकलं. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिचं उरलेलं सामान आठवड्याभरात टेम्पोतून आलं आणि हेमांगीने पाच आठवडे वाचवल्याबद्दल स्वतःची पाठ थोपटून घेतली.

चार महिन्यांनी सगळं फिसकटलं. ठमी कपडे धुण्याच्या यंत्रामागे जाऊन बसली. सोफा दिसला की फिस्कारायची, स्वतःच्या गादीला घाबरायची. बाहेर पाऊल टाकलं की रंगराव तिला परत आत पिटाळायचा. हेमांगी रंगरावावर खेकसली, मग ताईवर.  ताईने पलंगाखालून बॅग ओढली आणि औषधं भरायला घेतली.

हेमांगीने ठमीला कशीबशी टोपलीत घालून प्रयोगशाळेत नेलं आणि मुजावरांना बोलावलं. नव्या रेषा जुन्यांवर ठेवल्या, तर अर्ध्याही जुळेनात. मुजावरांनी ठमीचं रक्त तपासायला पाठवलं. दुपारी अहवाल आला: मूत्रपिंडं थकत चालली होती.

"आजाराने वास बदलतो, वयानेही," ते म्हणाले. "बरं, मांजर आपला वास घरभर घासून ताजा ठेवतं. हिने ते सोडलं असणार, कारण सगळीकडे हिचाच वास ताजा होता. चार महिने रंगराव पट्ट्यातला तोच वास घासतोय. घरात आता चार महिन्यांपूर्वीची ठमी राहते."

"आणि ही?"

"ही बाहेरची. रंगरावाच्या लेखी, आणि हिच्या स्वतःच्या लेखीसुद्धा."

हेमांगीचा संताप आता स्वतःवरच उलटला. पट्ट्यात नवा वास भरायचं तिने सुचवलं. पण सोफा, पडदे, गाद्या जुन्याच वासाच्या, शिवाय आजार वाढेल तसा ठमीचा वास दर पंधरवड्याला बदलणार, हे मुजावरांनी दाखवून दिलं. बंद खोलीत पाच-सहा आठवडे काढायची ठमीची ताकद नव्हती. ताईची बॅग तर भरून झाली होती. उरलेली वाट दोघांनाही दिसत होती.

संध्याकाळी हेमांगीने दुसरा गंधपट्टा भरला. मिश्रण तेच जुनं, एकशे बारा रसायनांचं. घरी येऊन तिने तो ठमीच्या गळ्यात बांधला.

ठमीने हवा हुंगली. मग दबकत बाहेर आली, सोफ्याशी थांबली आणि वर चढून बसली. रंगराव आला, तिची मान हुंगून तिला टेकून झोपला. ताई दारातून पाहत होती.

"जमलं ना गं? मग रडतेस कशाला?"

"माझी ठमी आहे ती, ताई," हेमांगी म्हणाली. "माझ्याच घरात तिला ठमीचं सोंग घ्यावं लागतंय."

ताई गुडघे सांभाळत तिच्याशेजारी येऊन बसली. मग वाकून तिने पट्ट्याच्या वरच्या बाजूला, कानामागे, जिथे अजून ठमीचा आजचा वास होता, तिथे नाक टेकवलं.