तामसीच्या बसमधला हेर

डोसा करपायला लागला होता, तेवढ्यात मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "उलटा… आता उलटा."

वृषालीने बोट सरकवलं. फोनच्या पडद्यावरचा डोसा गर्रकन उलटला, तीन तारे चमकले आणि सैपाकाच्या त्या गेमची एकशेबारावी पायरी पार झाली. आठवडाभर तिथेच अडकून पडली होती बिचारी. तिने वळून पाहिलं. आदिलाबादहून तामसीला जाणारी संध्याकाळची बस, आणि मागच्या सीटवर एक सावळा, नीटनेटका तरुण. ओठांवर हसू, मांडीवर कापडी पिशवी. पिशवीवर बोथ गावच्या एका कापडदुकानाचं नाव.

ते नाव वाचलं आणि वृषाली सावध झाली. तीनच दिवसांपूर्वी लग्नं जुळवणाऱ्या आशाबाईंनी तिच्यासाठी बोथचं स्थळ आणलं होतं. मुलगा संघपाल, शाळेत मास्तर. आणि त्यांच्या समाजातली रीत तिला पक्की ठाऊक होती. मुलगी बघायला रीतसर येण्याआधी मुलाकडचं कुणीतरी गुपचूप येऊन तिला न्याहाळून जातं. बाजारात, विहारात, नाहीतर बसमध्ये.

"तुमी तामसीचे?" तिने विचारलं.

"नाई… मावशी राह्यते तिथं."

नाव हर्षदीप, आदिलाबादच्या एका ऑफिसात क्लार्क. तामसीत कोणाची मावशी कोण, हे वृषालीला तोंडपाठ होतं. ही मावशी त्यात कुठेच बसेना.

पण माणूस गोड बोलायचा, हीच तर पंचाईत. तो दुसऱ्या दिवशीही बसमध्ये होता, तिसऱ्या दिवशीही. तेलंगणात बायकांना बस फुकट, म्हणून उभं राहायलाही जागा नसायची. तरी हा पठ्ठ्या तिच्याजवळची सीट बरोबर मिळवायचा. मग एकाच पडद्यावर तो बोटाने कांदा चिरायचा, ती बोट गोल गोल फिरवून कणीक मळायची. बोटाला बोट लागलं की दोघंही खिडकीबाहेरच्या कपाशीकडे बघत बसायचे, जणू जन्मात कपाशी पाहिली नव्हती. वृषाली दुपारपासूनच घड्याळ बघायला लागली, आणि त्याचाच तिला राग यायचा.

एका संध्याकाळी तामसीला उतरून ती पानटपरीच्या आड थांबली. हर्षदीप उतरला, उभ्या उभ्या चहा प्यायला आणि त्याच बसने परत आदिलाबादला निघून गेला. मावशी कुणी नव्हतीच.

मग तिने सापळा लावला. दुसऱ्या दिवशी त्यानेच विषय काढला, "घरीबी येते का असा सैपाक?"

"छे. मले हे फोनवरचंच येते. भाकर थापाले घेतली, की चिरून जाते."

साफ खोटं. तिच्या भाकरीचं अख्ख्या गल्लीत नाव होतं. पण हे खोटं तिने जगात एकालाच सांगितलं होतं. ते बोथला पोचलं, तर पोचवणारा एकच.

त्यानंतर चौथ्या दिवशी आशाबाई घरी आल्या. "बोथवाले नाई म्हणून राह्यले, वयनी. पोरीले भाकर येत नाई म्हणे."

माय बावचळली. वृषालीला स्थळ गेल्याचं काहीच वाटलं नाही. रडू आलं ते वेगळ्याच गोष्टीचं. ते हसणं, ते कांदे चिरणं, सगळं चौकशीसाठीच होतं तर.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये तिने फोन काढलाच नाही.

"पाहणी झाली ना? मग आज काऊन आले?"

हर्षदीपचा चेहरा पडला. "तुमाले… कोणं सांगितलं?"

"भाकरीचं मी फक्त तुमालेच बोलली होती."

तो पिशवीचा बंद पिळायला लागला. "संघपाल माझा चुलतभाऊ. त्यानंच धाडलं होतं… एका दिवसासाठी. एक दिवस, वृषाली. अन् मी तेरा दिवस येऊन राह्यलो."

"अन् भाकर?"

"ते मुद्दाम सांगितलं. नाईतर… त्यानं हो म्हटलं असतं." तो खाली बघत म्हणाला, "मले काय करायचं तुमाले भाकर येते का नाई त्याचं? माय मजुरीले जायची, तवापासून घरी मीच थापतो."

वृषालीचा अर्धा राग तिथेच गेला. अर्धा तिने हट्टाने धरून ठेवला. "आज भावाशी असे वागले, उद्या माझ्याशी वागाल. लावा त्याले फोन. इथंच."

त्याने स्पीकरवर लावला. "दादा, जयभीम… तामसीच्या मुलीचं एक सांगायचं राह्यलं. ती मले आवडते. म्हणून तुले तिची खोट सांगितली."

समोरच्या बाईने मांडीवरचं टोपलं सरकवून कान पुढे केला.

"एका मुलीले पाहाले कोणी इतके दिवस जाते का रे?" फोनमधून आवाज आला. "मले तवाच समजलं. म्हणूनच नाई म्हटलं."

फोन बंद झाला.

"आता माझं आयका," ती म्हणाली. "मले भाकर येते. चांगली येते."

हर्षदीप तिच्याकडे बघतच राहिला. या वेळी संशय त्याच्या डोळ्यांत होता. "मग खोटं काऊन बोलल्या?"

"तुमी कोणाले जाऊन सांगता, ते पाहाले."

"अन् आता हे कोणाले सांगू?"

बस तामसीत शिरत होती. वृषालीने पर्स खांद्याला लावली. त्याच्याकडे बघायचा धीर होईना. कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या.

"तुमच्या मायले सांगा… अन् येत्या रविवारी तिले घेऊन घरी या."